धनराजभाऊंची जुनी लेन्स

धनराजभाऊ रोज सकाळी कॅमेऱ्याला शिव्या देतात. कॅमेरा सुरू केला की पडद्यावर पाटी येते: लेन्स लावलेली नाही.

"नाकासमोर बसली आहे अन् हा म्हणते नाही! अक्कल आहे का बे तुले?"

कॅमेऱ्याचाही दोष नाही. तो पुतण्याने पुण्याहून पाठवलेला नवाकोरा डिजिटल, आणि भाऊंची लेन्स रिळाच्या काळातली, नुसती धातू आणि काच. तुमसरच्या राइस मिलमध्ये जन्मभर मेकॅनिक राहिलेल्या भाऊंनी लेथवर एक कडी कातली आणि दोघांचं बळजबरीनं लग्न लावलं. फोकस हाताने, रिंग फिरवून. सोबत आलेली, आपोआप फोकस करणारी लेन्स कपाटात कोंडली. "यंत्राले काय समजते?" म्हणे. सारी उमर यंत्रांत काढलेला माणूस हे बोलतो!

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. बारा वर्षं त्यांचा आरडाओरडा ऐकतोय, कॅमेऱ्याआधी तो मिक्सरवर आणि पंख्यावर व्हायचा. माझ्या बायकोचा साधा पासपोर्ट फोटो काढायचा होता, तर "वहिनी, श्वास घेऊ नोका" म्हणून रिंग फिरवत बसले. बिचारी खोकतच घरी आली.

तरीही मुलीच्या साक्षगंधाचे फोटो मी त्यांनाच सांगितले. चूक माझीच.

नवऱ्या मुलाने अंगठी पुढे केली. "थांबा! तिथंच राहू द्या!" भाऊ ओरडले. रिंग इकडे, रिंग तिकडे. मुलाने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला, भटजी घड्याळ पाहू लागले. मुलाचे मामा हसत म्हणाले, "भाऊ, ऑटोवर टाका ना."

झालं!

"ऑटोवर? मंग तुम्ही कायले आले? जावई बी ऑटोनंच पाठवून द्यायचा होता!"

मामा तडक उठून गाडीत जाऊन बसले. त्यांना परत जेवायला आणण्यासाठी मला रस्त्यावर हात जोडावे लागले. मुलगी आत रडत होती. रागाने माझं डोकं नुसतं फणफणत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडायलाच गेलो. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून गेलो होतो.

अंगणात भाऊ ताठ उभे होते, आणि कॅमेरा त्यांच्या मोठ्या बहिणीच्या हातात होता. सुगंधाबाई. लहानपणीच दोन्ही डोळे गेलेल्या. मोहाडीहून गेल्या महिन्यात भावाकडे कायमच्या राहायला आलेल्या. कॅमेऱ्याला बांधलेली सुतळी भाऊंच्या शर्टाच्या गुंडीपर्यंत ताणलेली होती.

"भाऊ, काल तुम्ही..."

"चूप! तिले मोजू द्या."

सुगंधाबाईंनी सुतळीवरच्या गाठी चाचपल्या. तीन. मग लेन्सच्या रिंगवर बोट फिरवलं. भाऊंनी रिंगवर कानशीने खाचा पाडल्या होत्या. बोट तिसऱ्या खाचेवर थांबलं.

"ते दुसरी लेन्स आपल्या मनानं फिरते," भाऊ माझ्यावरच खेकसले, जणू ती मीच बनवली होती. "बाईच्या बोटाले काही सांगतच नाही!"

"सारे माह्ये फोटो काढते, मास्तर," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी कोणाचाच नाही काढला."

माझा राग गेला नव्हता. "पाहुण्यांसमोर माझी पार शोभा केली तुम्ही," मी म्हणालोच.

"केली. मामाच्या घरी जातो मी, माफी मागतो. आता सरका बाजूले, उजेड अडवून राहिले तुम्ही."

मी सरकलो. भाऊ बोलत राहिले, "इकडे, बाई... जराशी वर..." आणि त्या आवाजाच्या दिशेने कॅमेरा हळूहळू वळत गेला. खट्.

"कसा आला रे, धनराज?"

भाऊंनी पडद्यात पाहिलं. मीही वाकून पाहिलं. भुवयांच्या वरचं डोकं कापलं गेलं होतं, अर्ध्या फोटोत पेरूचं झाड होतं. पण शर्टाची गुंडी, तिच्यातला दोरा आणि गळ्यावरची एकेक सुरकुती लख्ख दिसत होती.

"साजरा आला, बाई," भाऊ म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आणखी एक काढ."

आणि सुतळीचं टोक हातात घेऊन ते पुन्हा जाऊन उभे राहिले.