टाकीची सुनावणी

आमच्या गावची पाण्याची टाकी दर तीन वर्षांनी आपला उपयोग सिद्ध करायला चालत नगरपालिकेत जाते. अंतर पाऊण किलोमीटर आहे. चार पाय असल्यामुळे तिला फारसा त्रास होत नाही. विजेच्या तारा तेवढ्या बांबूने उचलून धराव्या लागतात आणि ते काम माझं. मी दिगंबर कोष्टी, या टाकीचा व्हॉल्व्हमन. माझ्या आधी वडील होते. व्हॉल्व्हची चावी मी अजून रोज घासून लख्ख ठेवतो.

यंदाची सुनावणी अवघड होती. टेकडीवर नवी टाकी झाली तेव्हापासून आमची कोरडी आहे. नियम असा, की सार्वजनिक सोयीच्या प्रत्येक वस्तूने आपला उपयोग तपासनिसांना स्वतः सांगायचा. त्यांना पटला नाही तर भंगारात. मागच्या खेपेला नगरपालिकेचा भोंगा गेला. स्वभावाने लाजाळू, ऐन वेळी बोललाच नाही.

तपासनीस लोखंडेबाई जिल्ह्याहून आल्या होत्या. टाकी आवारात चिंचेला पाठ करून उभी राहिली आणि बाईंनी आपलं टेबल तिच्या समोर मांडून घेतलं. फॉर्मात तीन रकाने होते: रोजचे लिटर, लाभार्थी आणि जनतेचे समाधान. लिटर शून्य, म्हणून लाभार्थी शून्य, आणि लाभार्थीच नाहीत तर समाधान कुणाचं, असं बाईंचं म्हणणं पडलं.

"मग आपण सध्या करता काय?" त्यांनी टाकीला विचारलं.

"उभी असते," टाकी म्हणाली.

वखारीला आग लागली होती तेव्हा तू किती पाणी दिलंस ते सांग, असं मी तिला वाटेत दोनदा पढवलं होतं. पण तिला बढाई मारता येत नाही. माझ्या वडिलांच्या हाताखाली वाढलेली आहे ती.

बाईंनी भंगाराचा शिक्का उचलला. तेवढ्यात पोस्टमन खतीबचाचा आले आणि टेबलावर पत्रं ठेवू लागले. पाकिटांवर 'टाकीसमोर' असं लिहिलेलं होतं. होनरावांकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. त्यांना 'टाकीच्या उजव्या हाताला' असं कळवलं होतं, त्यामुळे होनराव पोह्यांचं पातेलं घेऊन आधीच आवक-जावक विभागात बसले होते. शाळा सुटली तशी पोरंही येऊन दप्तरं टाकून जेवायला मागू लागली. आमच्या गावात पत्ता म्हणजे पत्ता. आपल्या सोयीने तो कुणी वाकवत नाही.

हे सगळे इथे कशाला आले, असं बाईंनी विचारलं.

"आम्ही टाकीजवळ राहतो, बाईसाहेब," खतीबचाचा म्हणाले. "टाकी इथं आहे, तर आम्ही दुसरीकडं कुठं जाणार?"

बाईंनी नवे पत्ते घ्यायला सुचवलं.

"घेऊ की. पण ते कुठनं धरून सांगायचे?"

बाईंनी हा मुद्दा लिहून घेतला आणि चालकाला बोलावून आपलं सामान विश्रामगृहावर टाकायला सांगितलं. तो तीन चकरा मारून बॅगेसकट परत आला. विश्रामगृह टाकीच्या मागे आहे, आणि टाकीच्या मागे चिंच आहे, एवढंच तो म्हणाला. बाईंनी चिंचेकडे बराच वेळ पाहिलं. मग शिक्का खाली ठेवला आणि लाभार्थींच्या रकान्यात लिहिलं: सर्व, तपासनिसांसह.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? वडील असते तर त्यांनी त्या दिवशी फेटा बांधला असता.

"आणि जनतेचं समाधान?" बाईंनी विचारलं.

"ते घरी पोचल्यावर विचारा," टाकी म्हणाली.

मी बांबू घेऊन पुढे झालो. टाकी निघाली. तिच्यामागून खतीबचाचा, होनराव पातेल्यासह, पाहुणे, पोरं आणि शेवटी बाईंची जीप. वाटेत कुणी कुणाला रस्ता विचारला नाही. टाकी आपल्या जागेवर उभी राहिली आणि सगळे घरी पोचले. शेवटचा रकाना बाईंनी विश्रामगृहाच्या पायरीवर बसून भरला.