दृष्ट वॉरंटीत बसत नाही

मनुबाईंच्या कॉम्प्युटरला शेवटी फुकटात पॉवर सप्लाय मिळाला आणि तो सुरू झाला. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरून जावं. कंपनीकडे त्याची नोंद नाही, आणि मनुबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "कवा? मना न्हाय आठवत." तेव्हा असं काही घडलंच नाही, असं धरून सुरुवात करू.

उरणजवळच्या एका गावात मनुबाई एकट्या राहतात. सासऱ्यांचं मिठागर होतं. आता तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात आणि मनुबाईंच्या खिडकीतून समुद्राऐवजी निळ्या-लाल पत्र्याची भिंत दिसते. मुलगा प्रज्योत बायको-मुलीसह कॅनडात असतो, म्हणून यातला एखादा कंटेनर कॅनडाहून आलाय का, ते मनुबाई रोज बघतात. त्यांना वाचता येत नाही, पण नुसतं बघायला वाचता यावंच लागतं असं नाही.

दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मोबाईलवर नात अंगठ्याएवढी दिसते, अशी तक्रार केल्यावर प्रज्योतने आईला मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला. पडदा टेबलावर, आणि त्याच्या पुढ्यात, खाली स्टुलावर कॉम्प्युटरचा डबा. डब्याच्या डोक्यावर हवा खेळायला जाळी.

इथवर सगळं कंपनीच्या नियमात होतं.

पण नात प्राप्ती गुटगुटीत आणि मुलूख परका. त्यामुळे कॉल संपायच्या आधी मनुबाई खडे मीठ, मोहरी आणि सुकी मिरची मुठीत घेऊन पडद्यावरच्या प्राप्तीला ओवाळत. जिची जिची दृष्ट लागली असेल तिचं नाव घेत. कॅनडातल्या शेजारणीचं नाव ठाऊक नसल्यामुळे तिला 'ती कुत्र्यावाली' म्हणत. आता, दृष्ट डोक्यापासून पायापर्यंत काढायची असते. प्राप्तीचं डोकं पडद्यात दिसे, पाय दिसत नसत. ते पडद्याच्या खाली असणार, म्हणजे डब्यापाशी, हे उघडच होतं. म्हणून मूठ आधी डब्यावर टेकायची आणि मग परसातल्या चुलीत जायची. मधल्या मध्ये थोडं सांडायचं. सांडणारच.

एका रविवारी प्राप्ती तोंड उघडून म्हणाली, "आजी, बघ ना, दात—" आणि डब्यातून 'फट्ट' आवाज झाला. पडदा काळा पडला. दात हलत होता, पडला होता की नवा आला होता, हे त्यातच राहिलं.

"आये, घाबरू नको, वॉरंटी आहे," प्रज्योत मोबाईलवर म्हणाला.

शेजारच्या जीवनचे ट्रेलर पोर्टवर चालतात. त्याने डबा आपल्या गाडीतून पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला पोचवला. पुढे मनुबाईंना फोन आला.

"मॅडम, तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय. पॉवर सप्लायमध्ये मीठ सापडलं."

"मंग? उरनला काय साखर सापडंल?"

"बाहेरचा पदार्थ आत गेला तर वॉरंटी बसत नाही, मॅडम."

"बाहेरचा कुठला? घरचाच हाय."

पलीकडून थोडा वेळ गाणं वाजलं आणि फोन बंद झाला.

"काकी, तुमी गप ऱ्हावा," जीवन म्हणाला. "मी समुद्रावर ढकलतो." त्याने कंपनीला कळवलं की, समुद्रकाठी हवेतच मीठ असतं, त्यात ग्राहकाचा दोष नाही. कंपनीचं उत्तर आलं: हवेतलं मीठ खड्यांचं नसतं. शिवाय मिठासोबत मोहरी आणि मिरचीचं देठ सापडलं आहे. आपल्या भागातील हवेबद्दल अधिक माहिती द्यावी.

जीवनने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"काकी, डब्यात लोणचं घातलंत काय?"

"दृष्ट काढली."

"कॉम्प्युटरची?"

"त्याला कोन दृष्ट लावतंय! पोरीची."

जीवनने डोकं खाजवलं. "यो मुद्दा आपल्याला लिवायचा न्हाय." त्याऐवजी त्याने लिहिलं की, आमच्याकडचा वारा फार जोराचा आहे, कुठून काय उडवून आणील याचा नेम नाही, खात्री करायची तर माणूस पाठवा.

माणूस येईपर्यंतचे रविवार मनुबाईंनी पडद्यासमोरच काढले. जीवनने डबा परत आणून दिला होता, पण तो आता नुसता स्टुलावर बसून असे. मोबाईलवर प्राप्ती यायची, पण अंगठ्याएवढ्या पोरीचा दात तो केवढा दिसणार? मनुबाई मोबाईल डोळ्यांजवळ न्यायच्या, तोवर पोर पळालेली असायची आणि पडद्यात कॅनडातला पंखा दिसायचा. मोठ्या काळ्या पडद्यात मात्र एक बाई स्वच्छ दिसे. तिची दृष्ट काढायला घरात कोणी नव्हतं.

मग कंपनीने खरोखरच माणूस पाठवला. तेजस्वी नावाची इंजिनिअर एसटीने आली. ती माणगावकडची, घरी भातशेती, पनवेलला खोली घेऊन एकटी राहते, ही माहिती मनुबाईंनी तिच्या चपला निघेपर्यंत काढून घेतली. हवा तपासायचं यंत्र तेजस्वीकडे नव्हतं. तिने खिडकी उघडली, वास घेतला आणि खिडकी लावली.

"मावशी, हवेत डिझेल हाय. मोहरी न्हाय. खरं सांगा, कसं गेलं आत?"

"सांगून कलनार न्हाय. बस हितं."

मनुबाईंनी मूठ भरली आणि ओवाळायला लागल्या. तेजस्वीच्या साहेबाचं नाव घेतलं, घरमालकिणीचं घेतलं, एसटीत शेजारी कोण बसलं होतं ते विचारून त्याचंही घेतलं. तेजस्वी हलली नाही. मूठ पायांपर्यंत आली तेव्हा तिने ओढणीने डोळे टिपले.

"मिरची," ती म्हणाली.

"अजून जालली न्हाय," मनुबाई म्हणाल्या.

तेजस्वीने अहवालात लिहिलं, 'दावा नामंजूर, योग्य.' मग स्वतःच्या पिशवीतून एक जुना, पण चालू पॉवर सप्लाय काढून बसवला. डबा घरघरला. पडदा उजळला.

"मावशी, हे झालं न्हाय हां."

"काय झालं न्हाय?"

"शाब्बास. आणि आता आत मीठ जाता कामा नये. कणभर पन न्हाय."

मनुबाईंचा जन्म मिठागरावर गेलेला. मीठ आणि बाकीचं जग वेगळं कसं ठेवायचं, हे त्यांना शिकवायला नको होतं. रविवारी त्यांनी जाड प्लॅस्टिक आणलं आणि पावसाआधी मिठाची रास झाकतात तसा डबा चहूबाजूंनी झाकला. वर काथ्याने आवळून गाठी मारल्या. वादळ आलं असतं तरी ते प्लॅस्टिक सुटलं नसतं.

कॉल लागला. पडदाभर प्राप्ती आली. आजीने आधी तिला पोटभर पाहून घेतलं, आज जेवलीस काय ते विचारलं, कुत्र्यावालीची खुशाली घेतली. डबा तोवर आतल्या आत तापत होता.

"बाय, तो दात दाखव बघू."

प्राप्तीने ओठ बोटाने खाली ओढला. "आजी, हा बघ, हा—"

पडदा काळा पडला. मीठ आत गेलं नव्हतं. हवाही गेली नव्हती.

"मावशी, मी तर काही बसवलंच न्हाय," तेजस्वी फोनवर हळूच म्हणाली. ते खरंच होतं. जे बसवलंच नाही, ते जळणार कसं?

मनुबाईंनी जीवनला बोलावलं आणि समोर बसवलं. "ह्या बारीला समुद्र मधी आनू नको. मी सांगते तसं लिव. पन तुज्या त्या सरकारी भाषेत." जीवनने लिहिलं:

'महोदय, आपल्या कंपनीचा पॉवर सप्लाय मीठ सोसत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. दुरुस्ती नको. तथापि वॉरंटीची मुदत अद्याप शिल्लक असल्याने, नादुरुस्त भागाच्या बदल्यात अर्जदाराची नात नामे प्राप्ती प्रज्योत घरत हिला, दातासह अथवा दाताविना, असेल त्या स्थितीत, एक वेळ घरपोच पाठविण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.'