जिवावरचा प्रश्न

टेपरेकॉर्डरची बटणं दाबली की सुलोचनाबाईंची जीभ एकदम नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बसायची.

"आज आम्ही वांग्याची भाजी बनविलेली आहे," त्या यंत्राकडे पाहत म्हणाल्या. "ती अतिशय रुचकर झालेली आहे. सर्वांनी तिचा लाभ घ्यावा."

जयवंतानं बटण बंद केलं. सुलोचनाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बराबर बोलली ना वो मी? का अजून शुद्ध पाह्यजे होतं?"

"आई, शुद्ध नको आहे. तू रोज बोलतेस तसं बोल."

"रोजचं कायले पाठवते नागपूरले? लोकं काय म्हनतीन!"

जयवंता नागपूरला भाषाविज्ञानात एम. ए. करत होती. लघुप्रबंधाचा विषय होता 'हिंगणी परिसरातील बोली'. विभागाचा एकुलता एक टेपरेकॉर्डर सही करून तिनं आठवडाभरासाठी आणला होता आणि सोमवारी तो परत करायचा होता. एकट्या मुलीला नागपूरच्या वसतिगृहात ठेवायला तिचे वडील पुंडलिकराव मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. या वर्षी पास नाही झाली तर शिक्षण बंद, असं त्यांनी बजावलं होतं. यंत्रापुढे बसवल्यावर त्याच पुंडलिकरावांनी "माझ्या बंधू आणि भगिनींनो" अशी सुरुवात करून ग्रामपंचायतीच्या कार्याचा आढावा घेतला.

खुद्द जयवंताची बोली केव्हाच गेली होती. वसतिगृहात पहिल्याच दिवशी ती "मले चहा नाई पाह्यजे" म्हणाली आणि पुढे महिनाभर मुली तिला "मले" म्हणूनच हाक मारत. तेव्हापासून तिनं मराठी अशी घासूनपुसून घेतली होती, की घरी आल्यावर पाणी मागितलं तरी आई क्षणभर कोण पाहुणी आली म्हणून बघायची.

आता चार दिवस उरले होते आणि कॅसेटवर बोली म्हणावी असा एक शब्द नव्हता. तेव्हा तिला विभागातल्या मार्गदर्शक मॅडमचं व्याख्यान आठवलं. माणूस यंत्राचं भान विसरून बोलावा असं वाटत असेल, तर त्याला जिवावरच्या प्रसंगाबद्दल विचारावं. तो प्रसंग सांगताना माणूस स्वतःच्या बोलीत येतो. मॅडम पुण्याच्या होत्या आणि हे त्यांनी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं.

जयवंता शेजारच्या रुख्माबाईंकडे गेली. त्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, आता आपला जीव जाणार, असं तुम्हाला कधी वाटलं होतं का?"

रुख्माबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. "काऊन? काय झालं?"

"काही नाही. सहज विचारते."

"असं सहज कोनी इचारते का पोरी?" म्हणत रुख्माबाई आत गेल्या आणि त्यांनी देवापुढे दिवा लावला.

मग जयवंतानं डोमाजींच्या किराणा दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारला. डोमाजी हुशार माणूस. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी ते चार प्रश्न विचारत.

"हे कोनाले पाह्यजे?"

"विद्यापीठाला."

"म्हंजे सरकारले."

"एका अर्थी, हो."

"अन् कोनाकोनाले इचारनार?"

"जमल्यास सगळ्या गावाला. म्हाताऱ्यांना आधी."

डोमाजींनी साखरेचं माप खाली ठेवलं. सगळ्या गावाचा जीव एकाच वेळी कशानं जाईल? साथीचा रोग असता तर डॉक्टर आला असता. वाघ काही सगळं गाव खात नाही. सप्टेंबर होता आणि गावाजवळचं बोर धरण काठोकाठ भरलं होतं. उत्तर सापडल्यावर डोमाजी कोणाला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बैलगाडी जुंपून त्यात साखरेची पोती भरायला घेतली.

डोमाजी साखर हलवतात म्हटल्यावर गावाला दुसरा पुरावा नको होता.

दुपारी जयवंता नवी कॅसेट लावून, बटणं दाबून वडिलांसमोर बसली. "बंधू आणि भगिनींनो" एवढं झालं आणि बाहेर ओरडा उठला, "धरन फुटून राह्यलं! टेकडीवर चाला!" विभागाचं यंत्र, तिच्या सहीचं! ती ते खांद्याला अडकवून तशीच धावली. बटणं बंद करायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

रस्त्यावर सगळं गाव होतं. रुख्माबाईंनी दोन्ही बकऱ्या सोडल्या होत्या आणि बकऱ्या उलट्या दिशेनं, धरणाकडे निघाल्या होत्या. सुलोचनाबाई डोक्यावर लोणच्याची बरणी घेऊन मागून आल्या. पुंडलिकराव मुलीला म्हणाले, "सरकारनं तुले पाठवलं त आपल्या बापाले तरी सांगा लागत होतं!"

जयवंता डोमाजींच्या गाडीपुढे आडवी उभी राहिली. "कृपया सर्वांनी शांत व्हावं! काहीही झालेलं नाही! तो केवळ एक भाषावैज्ञानिक प्रश्न होता!"

"वैज्ञानिकायनं सांगतलं म्हनते!" डोमाजी ओरडले आणि त्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

मग मात्र जयवंताचं डोकं फिरलं. तिनं बैलाची वेसण धरली. "अवो काकाजी! काऊन पागल होऊन राह्यले? कोन म्हनलं तुमाले धरन फुटलं? तुमी बोलाव म्हनून मी इचारलं, मराव म्हनून नाई! गाडी फिरवा, नाई त..." आणि पुढे ती डोमाजींच्या बैलांबद्दल, त्यांच्या अकलेबद्दल आणि त्या दोहोंतल्या नात्याबद्दल जे बोलली, ते ऐकून सुलोचनाबाईंनी बरणी खाली ठेवून दोन्ही कान झाकून घेतले.

डोमाजींनी गाडी थांबवली. "मंग असं सांग ना पोरी आधी," ते शांतपणे म्हणाले. "आमाले काय समजते तुयं ते कृपया!"

गाव घरी परतलं. बकऱ्या मात्र दुसऱ्या दिवशी सापडल्या.

नागपूरला मॅडमनी ती कॅसेट तीनदा ऐकली. "बैलगाडीपुढची ही बाई कोण? काय अस्सल बोली आहे! शहराचा वारासुद्धा लागलेला नाही. शाळेत वगैरे गेलेली नसणार."

"फारशी नाही, मॅडम."

"तिला चर्चासत्राला आणता येईल?"

"तिचं गावाबाहेर फारसं येणं होत नाही."

मॅडम हळहळल्या आणि त्या बाईवर एक संपूर्ण प्रकरण लिहायला त्यांनी सांगितलं. जयवंतानं ते लिहिलं. निवेदक क्रमांक सात, स्त्री, शेतकरी कुटुंब. बोलण्याचा शेवटचा भाग उतरवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा बैलांसंबंधीच्या सगळ्या शब्दांपुढे तिनं कंसात 'अर्थ अस्पष्ट' असं लिहून टाकलं.

लघुप्रबंध पहिल्या वर्गात मंजूर झाला. पुंडलिकरावांनी गावात पेढे वाटले. बाहेरच्या परीक्षकांनी एकच दोष दाखवला होता. निवेदक क्रमांक सातचं बोलणं संशोधिकेला नीटसं समजलेलं दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढील अभ्यासापूर्वी संशोधिकेनं प्रत्यक्ष हिंगणीला जाऊन, तिथल्या एखाद्या कुटुंबात काही दिवस राहून यावं.