कुंदामावशींचं बर्फातलं बोरन्हाण

ऐन जुलैत, बाहेर डोकं काढवत नव्हतं अशा उन्हात, आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या तळ्याभोवती एक बाई रोज सकाळी स्कीचे बूट घालून फिरायच्या. वर पंजाबी ड्रेस, डोक्याला उन्हाची टोपी आणि खाली पार पोटऱ्या झाकणारे लालभडक प्लास्टिकचे बूट. खडाड्-खट्, खडाड्-खट्. तळ्यातली बदकं आधी घाबरून पाण्यात उड्या घ्यायची. पुढे त्यांनीही मनावर घेणं सोडून दिलं.

या आमच्या शेजारच्या कुंदामावशी. मूळच्या साताऱ्याच्या. इथल्या लायब्ररीत नोकरी करून रिटायर झाल्या, काका गेल्यापासून एकट्याच राहतात. साठी उलटून बरीच वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

"मावशी, पायाला काही झालंय का?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"पायाला काय धाड भरलीय? सवय करतेय. जानेवारीत जपानला जायचंय, स्कीइंगला."

मला वाटलं, ऊन लागलं. मी घरी येऊन मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या जाणारच." कुंदामावशींना ओळखणारं माणूस याहून वेगळं काही म्हणालं नसतं.

मावशींचं आयुष्यात एकच तत्त्व आहे: मध्यम. दुकानात गेल्या की फ्लॉवरचा ढीग उपसून मधल्या मापाचा गड्डा काढणार. गाडी मध्यम, घर मध्यम, चहात साखर मध्यम. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाला मधल्या रांगेत मधली खुर्ची. काकांबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "मध्यम होते, म्हणून निभलं." फक्त हट्ट तेवढा मध्यम नाही. तो एक्स्ट्रा लार्ज.

"जपान कशाला मावशी? इथे पेनसिल्व्हेनियात दोन-अडीच तासांवर बर्फ आहे."

"तिथे माझी माया आहे का?"

माया ही त्यांची नात. मुलगी गौरी शिकायला जपानला गेली आणि तिथल्याच केंजीशी लग्न करून राहिली. केंजीच्या वडिलांचं एका स्की रिसॉर्टच्या पायथ्याशी छोटं हॉटेल आहे. "रिसॉर्ट कसं आहे, विचार," मावशी मला म्हणाल्या, आणि मी विचारायच्या आत उत्तर दिलं, "मध्यम. फार मोठं नाही, त्यामुळे जगाची झुंबड नाही. फार लहान नाही, त्यामुळे लिफ्ट आहे. आणि ती जुनी, सावकाश जाणारी, दोघांच्या खुर्चीची आहे. मोठ्या ठिकाणी आठ-आठ जणांना कोंबून भर्रकन वर नेतात. तिथे नातीशी काय बोलणार?"

खरी अडचण अशी होती, की माया पाच वर्षांची झाली होती आणि तिचं बोरन्हाण राहून गेलं होतं. पहिल्या संक्रांतीला व्हिसा मिळेना, मग कोव्हिड, मग काकांचं आजारपण, मग मावशींचा गुडघा. बोरन्हाण करायचं ते पाचव्या वर्षापर्यंत. आता ही शेवटची संक्रांत. व्हिडिओ कॉलवर माया "आजी, हाय" म्हणायची आणि पळून जायची. मावशी मग रिकाम्या सोफ्याशी बोलत बसायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते बघवायचं नाही.

गौरीने समजावून पाहिलं. "आई, जानेवारीत आमचा सीझन असतो. माया दिवसभर स्की स्कूलमध्ये, संध्याकाळी जेवली की आडवी. तुला ती मिळणार कधी? तू एप्रिलमध्ये ये ना."

"एप्रिलमध्ये संक्रांत असते का गं?" मावशींनी विचारलं. "ती खाली येत नसेल तर मी वर जाईन."

असं ते स्कीइंग. हौस-बिस काही नाही.

डिसेंबरात बर्फ पडल्याबरोबर मावशींनी मला गाडीत घातलं आणि पेनसिल्व्हेनियाला नेलं. खरं तर गाडी मी चालवत होतो, पण नेलं त्यांनीच. नवशिक्यांच्या वर्गात सगळी सहा-सात वर्षांची पोरं, त्यात निम्मी आपली देशी. मध्ये मावशी. शिकवणारी मुलगी सांगत होती, थांबायचं असेल तर स्कीच्या दोन्ही पट्ट्यांची टोकं समोर जवळ आणा, पिझ्झाचा तुकडा करा. मावशी म्हणाल्या, "पिझ्झा कशाला? सामोसा म्हण की!" दुपारपर्यंत अख्खा वर्ग "सामोसा! सामोसा!" ओरडत उतारावरून येत होता. शिकवणारीसुद्धा.

पण पडल्या किती! बाजूला पडल्या, मागे पडल्या, एकदा तर उभ्या उभ्याच पडल्या. मी धावलो की खेकसायच्या, "धरू नकोस रे! वाट सोड!" गुडघा सुजला. मी म्हटलं, "मावशी, बस झालं आता. गुडघा कायमचा गेला तर?" त्यांनी गुडघ्यावर बर्फ चोळला. म्हणाल्या, "इथे हा फुकट आहे, तो एक फायदा," आणि पुन्हा लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

घरी हलव्याचे दागिने चालू होते. मंद गॅसवर, पाकाचा एक एक थेंब घालत, तिळाला काटा आणत त्या तासन् तास बसायच्या. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं केलं. जायच्या आधी मृणालने मला बाजूला घेतलं. "त्यांना एकटं पाठवणार आहेस का? तुझी रजा पडून आहे ना?" माझी रजा मी घरी लोळायला ठेवली होती. पण मृणालचाही हट्ट मध्यम नाही.

तर संक्रांतीच्या दिवशी मी जपानमधल्या एका मध्यम डोंगराच्या पायथ्याशी दात वाजवत उभा. शेजारी गौरी आणि केंजीचे वडील. मावशी त्यांना पहिल्या दिवसापासून "व्याही" म्हणत होत्या आणि ते प्रत्येक वेळी कमरेत वाकून "हाय" म्हणत होते. जपानीत हाय म्हणजे हो. दोघांचं उत्तम जमलं होतं. जपानमध्ये फळं आणायला मनाई, म्हणून बोरांऐवजी लिमलेटच्या गोळ्या होत्या. मावशी काळा स्कीसूट घालून, पाठीला कुरमुऱ्यांची पिशवी बांधून, मायाबरोबर लिफ्टने वर गेल्या होत्या.

आणि मग त्या दिसल्या. पुढे पिवळ्या जॅकेटातली माया, सुळकन. मागे मावशी, सामोसा करून, इंच इंच लढवत. मध्ये एकदा हेलकावल्या, सावरल्या, आणि आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. न पडता! मी शिट्टी मारली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशींनी दम खायलाही वेळ घेतला नाही. मायाच्या जॅकेटवर हार चढवला, मुकुट हेल्मेटवर बसेना म्हणून तो रबराने अडकवला, आणि पिशवी उघडून कुरमुरे, तीळगूळ, गोळ्या सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं. हेल्मेटवर टकाटक गोळ्या वाजल्या. सगळी स्की स्कूल बघायला जमली.

माया क्षणभर दगडासारखी उभी. मग तिचा चेहरा लाल झाला. तिने खाली वाकून मूठभर कुरमुरे उचलले आणि मावशींच्या तोंडावर फेकले. "ओनी वा सोतो!" पुन्हा मूठ. "ओनी वा सोतो!" आणि भोकाड पसरलं.

"काय म्हणतेय गं?" मावशींनी विचारलं.

गौरी मायाच्या जॅकेटवरचे कुरमुरे झटकू लागली. मावशींनी परत विचारलं.

"आई, इथे फेब्रुवारीत एक सण असतो. भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसाला हाकलतात. तिला वाटलं, तू तिलाच राक्षस समजलीस. म्हणून ती... ती म्हणतेय, राक्षसा, बाहेर हो."

मी कुंदामावशींना इतकी वर्षं ओळखतो. गुडघा सुजला तेव्हा, काका गेले तेव्हासुद्धा त्या उभ्या होत्या. त्या दिवशी मात्र मटकन बर्फात बसल्या. "माझंच चुकलं," म्हणाल्या. "लिफ्टमध्ये तिला सांगायचं राहिलं. पण सांगणार कशी? तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. दोघी नुसत्या हात धरून बसलो होतो." मला भडभडून आलं. एवढा आटापिटा केला त्या बाईने, तो "बाहेर हो" ऐकायला?

गौरी मायाजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिला जपानीत सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. माया हुंदके देत ऐकत होती. मग तिने काहीतरी विचारलं.

"काय विचारतेय?" मावशींचा आवाज खाली गेला होता.

"मी तिला सांगितलं, बदलत्या हवेत लहान मुलांना बाधू नये म्हणून आजी असं करते. लाडाने करते. तर ती विचारतेय, आजीचं कोणी केलं होतं?"

मावशी नातीकडे बघत राहिल्या. "माझं? माझं कोण करतंय गं? आम्ही पाच बहिणी. थोरलीचं झालं, तिच्यात हौस फिटली सगळ्यांची. मी चौथी." त्या हसल्या, पण ते काही खरं नव्हतं. "सांग तिला, नाही केलं कोणी."

गौरीने सांगितलं. मायाने डोळे पुसले. हलव्याचा मुकुट काढून आईच्या हातात दिला, मग हेल्मेट काढलं, उलटं धरलं आणि खाली बसून सांडलेलं गोळा करू लागली. कुरमुरे, गोळ्या, तीळगूळ, त्याबरोबर ओंजळभर बर्फही. हेल्मेट भरलं तशी ती दोन्ही हातांनी उचलून मावशींजवळ आली आणि थांबली.

मावशींनी आपली टोपी काढली. पिकलेले केस मोकळे झाले. त्यांनी मान खाली घातली, आणि मायाने सगळं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर रिकामं केलं.

व्याही रुमाल घेऊन पुढे झाले, केसांतला बर्फ झटकायला. मावशींनी हातानेच त्यांना थांबवलं. त्या रडत होत्या, अगदी उघड, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"अजून," त्या मायाला म्हणाल्या. मराठीतच.

गौरी सांगायला पुढे झाली, पण तिची गरज लागली नाही. माया हेल्मेट घेऊन पुन्हा कुरमुरे वेचायला बसली होती.