फॉर्तुनातोची किडनी

"पण पोयादा कुणासाठी आहे, ते तर सांग," दोन्या गुदेलियाने विचारलं, आणि सेनाइदाच्या हातातला कांदा हातातच राहिला.

प्रश्न साधा होता. पेरूमधल्या लिमा शहराच्या त्या टेकडीवर दर महिन्याला कुणाची ना कुणाची पोयादा असतेच. आधी कार्डं विकायची, ठरल्या दिवशी लोकांनी कार्ड दाखवून तळलेल्या कोंबडीचं ताट घ्यायचं, वर बिअर प्यायची, नाचायचं, आणि जमलेल्या पैशांतून कुणाचं ऑपरेशन, कुणाचं छप्पर मार्गी लावायचं. आज मी तुझ्या पोयादाला आलो, उद्या तू माझ्या. कार्डावर कारण छापलेलं असतं, त्यामुळे विचारण्यात गैर काहीच नव्हतं.

पंचाईत अशी, की सगळी टेकडी जिला मानाने 'दोन्या' म्हणे, त्या खुद्द गुदेलियासाठीच ही पोयादा होती. पंचवीस वर्षांपूर्वी तिने टेकडीवरच्या बायकांना रिकामी पातेली घेऊन पाणी खात्याच्या पायऱ्यांवर नेलं होतं. तिथेच चूल मांडून तीन दिवस स्वयंपाक केला, तेव्हा कुठे टेकडीवर नळ आले. त्या मोर्चाची पंचविशी, गुदेलियाचा सत्कार, आणि अजूनही टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वरच्या आळीला नळ आणायला निधी, असा तिहेरी बेत होता. पण सत्कार म्हटला की गुदेलियाच्या अंगावर काटा येई. एकदा नगरपालिकेने मानपत्र द्यायला बोलावलं, तर हिने भर सभेत महापौरांना वरच्या आळीच्या पाण्याचं विचारलं आणि मानपत्र खुर्चीवर विसरून घरी आली. तेव्हा तिला कळू द्यायचं नाही हे ठरलेलं. आणि दोनशे कोंबड्यांना मसाला लावणं तिच्याशिवाय कुणाला जमत नाही, हेही ठरलेलं.

नेमका त्याच वेळी सेनाइदाचा नवरा खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन शीळ घालत दारावरून गेला.

"फॉर्तुनातोसाठी," सेनाइदा म्हणाली.

"का? काय झालं त्याला?"

"किडनी. ऑपरेशन आहे."

गुदेलियाने दाराबाहेर डोकावून पाहिलं. फॉर्तुनातो गोणीसह पायऱ्या चढत होता. "तरीच," ती म्हणाली, "पोराचा चेहरा उतरलाय मेला. आण इकडे, शंभर कार्डं दे मला."

आता शंभर कार्डं द्यायची म्हणजे ती वेगळी छापायला हवीत. सेनाइदाने छापली. अर्ध्या टेकडीकडे गुदेलियाच्या सत्काराचं कार्ड, अर्ध्या टेकडीकडे फॉर्तुनातोच्या किडनीचं. दोन दिवसांत गुदेलियाने बाजारात, चर्चमध्ये, टँकरवाल्यांकडे आपली शंभर विकली आणि आणखी शंभर मागितली.

खरं सांगून टाकावं असं सेनाइदाला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा ती स्वयंपाकघराच्या दारातून परत फिरली. सतरा वर्षांची असताना कडेवर पोर घेऊन ती टेकडीवर आली होती. सभेत उभं राहून बोलायचं कसं, साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा कसा, हे सगळं तिला गुदेलियाने शिकवलं. गुदेलिया कशालाही माफ करी, खोट्याला नाही. सख्ख्या बहिणीने एकदा खोटं सांगितलं, तर नऊ वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. समोरासमोरची घरं, मधे चार पावलांची गल्ली, आणि नऊ वर्षं अवाक्षर नाही! सेनाइदाला महापौराची भीती वाटत नसे, त्या नऊ वर्षांची वाटे.

इकडे फॉर्तुनातोचे हाल सुरू झाले.

"हे काय आहे?" त्याने पेल्यात वाकून पाहिलं.

"चांका पिएद्राच्या पाल्याचा काढा. किडनीतले खडे फुटतात त्याने," गुदेलिया म्हणाली. "पी. मी इथेच उभी आहे."

दिवसातून दोनदा तो कडू काढा, काम बंद, आणि रविवारचा फुटबॉलही बंद. "बायको," तो तोंड वाकडं करून म्हणाला, "निदान सोपा आजार तरी द्यायचास. पाय मुरगळला म्हणाली असतीस!"

"पाय मुरगळल्याची पोयादा करतं का कुणी?"

त्याने नाक दाबून पेला रिकामा केला.

बुधवारी गुदेलिया टेकडीखालच्या सरकारी दवाखान्यात गेली. ऑपरेशनची तारीख विचारायला कुणी गेलंच नसणार, अशी तिची खात्री होती. खिडकीवरच्या माणसाने वही चाळली आणि फॉर्तुनातो यारांगा नावाचा रुग्णच नाही, असं सांगितलं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन त्याने फॉर्तुनातोला जाब विचारला असता. पण चाळीस वर्षं सरकारी खिडक्यांवर घालवलेल्या बाईला याचा एकच अर्थ ठाऊक होता.

"म्हणजे कागद हरवले तुम्ही त्याचे," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

बाकावर बसलेली बाई शेजारच्याशी बोलणारच. शेजारच्या म्हाताऱ्याचे कागद सात महिन्यांपूर्वी गहाळ झाले होते. त्याच्या पलीकडच्या बाईचे दोनदा. संध्याकाळपर्यंत गुदेलियाकडे अकरा नावांची यादी तयार झाली. अकराही जण किडनीचे, अकरांनाही मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी हवी होती आणि अकरांचेही कागद दवाखान्याने गिळले होते. यादीत पहिलं नाव फॉर्तुनातोचं.

"शनिवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकावर पातेली वाजवायची," तिने जाहीर केलं.

"शनिवारी पोयादा आहे!" सेनाइदा ओरडलीच.

"मसाला मी शुक्रवारी लावते. तळायला काय मी लागते? आणि पोयादा ज्याच्यासाठी, मोर्चाही त्याच्यासाठीच. उलट बरं!"

शनिवार उजाडला. मैदानात मांडव पडला, भिंतीएवढे स्पीकर लागले, गुदेलियाच्या फोटोचा फलक गुंडाळून तयार ठेवला. अकरा वाजल्यापासून लोक येऊ लागले. "किडनीची रांग कुठली आणि सत्काराची कुठली?" असं लोक विचारत होते आणि दोन्ही प्रकारची कार्डं एकमेकांत मिसळली. फक्त जिचा सत्कार ती नव्हती, तिच्याबरोबर गेलेल्या साठ बायका नव्हत्या आणि मुख्य म्हणजे पातेली नव्हती. बटाटे उकडायची, तेल तापवायची, झाडून सगळी पातेली खाली फाटकावर वाजत होती.

सेनाइदा दोनशे पायऱ्या उतरून धावत खाली गेली. फाटकावर कानठळ्या बसत होत्या. शेवटी दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर घाम पुसत बाहेर आले.

"ठीक आहे, ठीक आहे! सगळ्यांना आज चिठ्ठ्या देतो. यादीतला पहिला कोण? फॉर्तुनातो यारांगा. कुठाय पेशंट?"

"अंथरुणावर," गुदेलिया करड्या आवाजात म्हणाली. "उठवत नाही त्याला."

त्याच क्षणी पेशंट दोन-दोन पायऱ्या ओलांडत टेकडीवरून सुसाट खाली आला. पोयादाला जमलेली निम्मी गर्दी त्याच्यामागे होती. "भांडी!" तो लांबूनच ओरडला. "अगं, भांडी पाठव! लोकं कच्ची कोंबडी खायला निघालीत!"

पातेली थांबली. फॉर्तुनातोही थांबला. त्याला साधी धापही लागली नव्हती.

"हाच का पेशंट?" डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच हसू आलं.

गुदेलियाने फॉर्तुनातोकडे पाहिलं, मग सेनाइदाकडे. सेनाइदाला पळून जावंसं वाटलं, पण पळायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने शेजारणीच्या हातातला भोंगा घेतला.

"खोटं मी बोलले," ती म्हणाली. भोंग्यातून आवाज टेकडीभर गेला. "फॉर्तुनातोला काही झालेलं नाही. पोयादा दोन्या गुदेलियासाठी होती. पंचवीस वर्षं झाली पाण्याच्या मोर्चाला. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या. यात फॉर्तुनातोचा काही दोष नाही. ज्यांनी किडनीची कार्डं घेतली त्यांना पैसे परत देईन."

"पैसे राहू दे, कोंबडी तळ!" मागून एक टँकरवाला ओरडला. कुणी हसलं नाही.

"म्हणजे रुग्णच नाही!" डॉक्टर वळून आत निघाले.

"डॉक्टर," गुदेलिया म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डॉक्टर थांबले. तिने यादी पुढे केली, पेनाने पहिल्या नावावर काट मारली. "अकरातला एक गेला. दहा उरले. वाचा."

डॉक्टरांनी यादीकडे पाहिलं, साठ पातेल्यांकडे पाहिलं आणि वाचायला लागले. प्रत्येक नावाला कुणीतरी "हजर" म्हणत होतं. सात महिने थांबलेला म्हातारा दोनदा म्हणाला, पहिल्यांदा ऐकू गेलं नसेल म्हणून. डॉक्टरांनी दहा चिठ्ठ्यांवर तिथेच सह्या केल्या.

दहावी चिठ्ठी हातात पडली आणि त्या टँकरवाल्याने टाळी वाजवली. मग बायकांनी, मग टेकडीवरून उतरलेल्या सगळ्या गर्दीने. टाळ्या थांबेचनात. गुदेलियाने मागे वळून पाहिलं, कोण मोठा माणूस आलाय म्हणून. मागे दवाखान्याची भिंत होती.

"तुमच्यासाठी आहेत," सेनाइदा हळूच म्हणाली.

"माझ्यासाठी कशाला? सह्या त्याने केल्या." तिने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते, तरी ती पुसत राहिली. डोळे मात्र तिने पुसले नाहीत, कारण मग लोकांना दिसलं असतं. मग ती सेनाइदाकडे वळली. "आणि तुझ्याशी मी बोलणार नाही."

सेनाइदाने मान खाली घातली. सगळ्यात मोठ्या पातेल्याचा एक कान एकीने धरला, दुसरा दुसरीने, दोघींनी मिळून ते उचललं आणि पायऱ्या चढायला सुरुवात केली.

"बोलणारच नाही," विसाव्या पायरीवर गुदेलिया म्हणाली. "खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलायचं. गोणी वाहणाऱ्या माणसाला किडनी? आणि जे पैसे आजाराच्या नावाने घेतलेत, ते त्या दहा जणांनाच जातील. पाण्यासाठी पुढच्या महिन्यात दुसरी पोयादा. तिच्या कार्डावर काय लिहायचं ते मी सांगेन."

"हो," सेनाइदा म्हणाली.

"हो काय हो! हात खाली करू नकोस, तिरकं होतंय पातेलं. सोमवारी सातला दवाखान्यात ये. त्या दहा जणांना मोठ्या इस्पितळात नेऊन बसवायचंय, मला एकटीला जमणार नाही. आणि तेव्हाही मी तुझ्याशी बोलणार नाहीये, समजलं?"