लोणी कुणाच्या बिअरमध्ये आहे?

माझ्या नाकाबद्दल मी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, पण बोलते! गल्लीच्या त्या टोकाला कुणी कांदा चिरायला घेतला तर इकडे बारमागे मला कळतं. त्यामुळे बिअर वाढणाऱ्यांची ती मोठी परीक्षा द्यायचं ठरलं तेव्हा मी अभ्यासाच्या आधी सर्टिफिकेटसाठी फ्रेम घेऊन आले!

परीक्षेचं डोकं ॲडेलीनबाईंचं. मिलवॉकीच्या दक्षिण भागातला हा कोपऱ्यावरचा बार त्यांचा. वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, "मार्लिस, तो कागद या भिंतीवर लागला की बार तुझ्या हातात. मी चालले ॲरिझोनाला बहिणीकडे. नापास झालीस तर मात्र विकून टाकीन. माझे गुडघे आता पिंपांपुढे टिकत नाहीत."

म्हणजे माझं सगळं जगच टांगणीला!

लेखी परीक्षेची भीती नव्हती. दुसऱ्या भागात मात्र बिघडलेली बिअर चाखून, नेमकं काय बिघडलंय ते सांगायचं होतं. सरावासाठी अशा बिघडलेल्या चवींच्या अर्काच्या इवल्याशा कुप्या टपालाने मागवता येतात. एक कुपी ओतली की बिअरचा अख्खा जग नासतो. अपाय काही नाही, फक्त चव जाते. शुक्रवारी दुपारी मी चार जग तयार केले. एकात लोणी, एकात उकडलेला मका, एकात व्हिनेगर आणि एकात ओला पुठ्ठा. बुडाला खडूने आकडे घातले, फ्रीजमध्ये ठेवले आणि पिंप बदलायला तळघरात उतरले.

पिंपाचं तोंड अडकलं. वीस मिनिटं मी त्याच्याशी कुस्ती खेळले. वर येऊन पाहते तर फ्रीज रिकामा!

"बाई, इथले जग?"

"वाढले की! अगं, शुक्रवार, तळलेले मासे खायला आलेली ही गर्दी, आणि तू आधीच भरून ठेवलेस. देवानेच पाठवलंय तुला माझ्यासाठी!"

देवाने पाठवलेली बाई तीरासारखी बाहेर धावली.

दोन नंबरच्या टेबलावर ऑर्व्हिल बसले होते. निवृत्त बस ड्रायव्हर, बायको वारल्यापासून रोज आमच्याकडेच. ग्लासात डोकावत म्हणाले, "आज बिअरमध्ये सूप पण आहे का गं?"

मका सापडला! मी जग उचलला.

"ए! ठेव तो! एकच ग्लास झालाय माझा! मी काय झिंगलोय?"

"नाही हो, पण हा जग तुमच्यासाठी नाही."

"मला बिअर बंद केली?" ते इतक्या जोरात ओरडले, की सगळ्या टेबलांवरचे काटेचमचे थांबले. "चाळीस वर्षं बस चालवली, एक फाटक कधी ठोकलं नाही!"

तोवर मी चर्चच्या गायकमंडळींच्या टेबलापाशी पोचले होते. ते आठही जण ओला पुठ्ठा मोठ्या भक्तिभावाने पीत होते. तोही उचलला. शेजारी लूसिलबाई माशाचा तुकडा बिअरमध्ये बुडवून खात होत्या.

"हे काय करताय?"

"छान लागतंय! तुम्ही व्हिनेगर ग्लासातून द्यायला कधीपासून लागलात?"

तीन जग परत आले, पण तोवर बोंब उठली होती. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "बिअरमध्ये काहीतरी पडलंय!" पुढच्या टेबलावर त्याची पाल झाली आणि दारापाशी पोचेपर्यंत विष! दोघं कोट घालायला लागले. ॲडेलीनबाई पांढऱ्याफटक पडल्या.

मी बिअरच्या खोक्यावर चढले आणि सगळं कबूल केलं. परीक्षा, कुप्या, मका, सगळं. "कुणाला काही होणार नाही! फक्त एक जग सापडत नाहीये. ज्यांच्या बिअरला लोण्याचा वास येतोय त्यांनी हात वर करा!"

साठ हात वर झाले.

एका जगातून साठ माणसं पितात कशी? मी ॲडेलीनबाईंकडे बघितलं. त्यांनी काउंटरखालून हळूच एक जग काढला. काठोकाठ भरलेला. "हा मी माझ्यासाठी ठेवला होता गं. अजून तोंडही लावलं नाही."

बुडाला खडूचा आकडा होता. लोण्याचाच!

मी खाली उतरून नळ सोडला, घोटभर घेतला, डोळे मिटले आणि त्या तसल्या नाकाने पहिल्यांदाच नीट वास घेतला. लोणी. चक्क लोणी! बिअरच्या नळ्या साफ केल्या नाहीत तर आत शेवाळासारखं काहीतरी साचतं आणि बिअरला नेमका हाच वास येतो, असं पुस्तकात पान बावन्नवर लिहिलंय. नळ्या दर पंधरा दिवसांनी औषध घालून धुवायच्या असतात. मी धूत होते, वर्षातून एकदा, ईस्टरला. गरम पाण्याने.

"कधीपासून येतोय हा वास?" मी विचारलं.

ऑर्व्हिल खाकरले. "तू आलीस तेव्हापासून. अकरा वर्षं."

"आणि बोलला नाहीत?"

"अगं, तुझा नवरा जाऊन महिना झाला होता. पहिलाच ग्लास भरलास, माझ्यापुढे ठेवलास आणि विचारलंस, 'बरी आहे का हो?' तेव्हाचं तुझं तोंड बघून मी म्हटलं, झकास आहे. एकदा म्हटल्यावर बदलायचं कसं?"

"आणि बाकीचे?"

"ऑर्व्हिलने आम्हाला दम दिला होता," लूसिलबाई म्हणाल्या. "आणि मासे चांगले असतात ना तुमच्याकडे."

मी नळापाशी उभी होते तशीच रडले. साठ माणसं अकरा वर्षं माझ्यासाठी लोणी पीत होती! सख्खी माणसंसुद्धा इतकं करत नाहीत हो.

सोमवारी बार बंद असतो. सकाळी दार उघडते तर दहा-बारा जण ब्रश नि बादल्या घेऊन हजर! ऑर्व्हिल बाह्या सरसावून नळाखाली आडवे झाले. त्या नळ्यांमधून जे निघालं त्याचं वर्णन मी करत नाही. तुम्ही कदाचित जेवत असाल.

पुढच्या महिन्यात परीक्षा झाली. मी पास झाले, अगदी काठावर! फ्रेम भिंतीवर लागली आणि ॲडेलीनबाई ॲरिझोनाला गेल्या. चाखायच्या सहा ग्लासांपैकी माझे बाकी सगळे डळमळीत, पण लोणीवाला ग्लास मी नाकाजवळ यायच्या आतच ओळखला. परीक्षक चकित झाले. म्हणाले, "बाई, इतका अचूक सराव कुठे केलात?"

त्यांना काय सांगणार? म्हटलं, "नोकरीतच, साहेब!"