नाव सांगू नका

सकाळपासून सर्व्हर अडून बसला होता. नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसातल्या सगळ्या फायली त्या एकाच सर्व्हरवर असत. तो रुसला की चांगली शिकलेली माणसं पडद्यावरच्या फिरत्या चकतीकडे भाविकपणे बघत बसत. त्याला सांभाळायला एकच माणूस होता. त्याला सगळे वायरमन म्हणत. वायरींखेरीज तो बरंच काही करी, पण ते दिसत नसल्यामुळे धरलं जात नसे.

आज संध्याकाळी वायरमनच्या लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड होणार होती. "बाईंनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली होती, "पण बाबा, तुम्ही दिसला नाहीत तर मी हलणार." इकडे साहेबांनी जाहीर केलं होतं, की सर्व्हर सुधारेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

"हिशेबाच्या बाई गाणी ऐकत असतील. त्यांची सर्व्हर वापरायची परवानगी काढून घ्या," साहेब म्हणाले.

काढली. बाईंच्या फायली बंद झाल्या, सर्व्हर ढिम्मच.

"मग ड्रॉइंगवाले."

त्यांचीही काढली. आता काम करायला कुणीच उरलं नव्हतं, तरी सर्व्हर धापा टाकतच होता.

"साहेब, नेटवर्कवर कोण किती ओढतंय ते एकदा बघू का?" वायरमनने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"बघा. सापडेल त्याची परवानगी तिथल्या तिथे काढून घ्या. आणि मला नाव सांगू नका. नाव कळलं की मला दया येते."

साहेबांच्या दयेशी ऑफिसात अजून कुणाची गाठ पडली नव्हती.

वायरमनने बघितलं. एकच कॉम्प्युटर सर्व्हरवरची झाडून सगळी फायलींची रास स्वतःकडे उतरवून घेत होता. संपली की पुन्हा पहिल्यापासून. तो कुठल्या खोलीतला हे वाचून वायरमनने चष्मा पुसला, परत वाचलं आणि हुकमाप्रमाणे त्याची परवानगी काढून घेतली. बाकीच्यांची परत दिली. सर्व्हर पळायला लागला.

"कडक वागलं की यंत्रंसुद्धा ऐकतात," असं सगळ्यांना ऐकवून साहेब केबिनमध्ये गेले, आणि लगेच बाहेर आले.

"अहो, माझी एकही फाइल उघडत नाही. सर्व्हरचा भरवसा नाही म्हणून मी सगळ्याची कॉपी लावून ठेवली होती, तीही थांबली. कुणामुळे झालं हे?"

वायरमन पिशवी खांद्याला अडकवून उभा होता. "साहेब, नाव सांगू?"

हिशेबाच्या बाईंनी टायपिंग थांबवलं. साहेबांनी फिरून केबिनच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"नको," ते हळूच म्हणाले. "माझं सकाळी बघा. तुम्ही निघा."

त्या संध्याकाळी झाड जरासुद्धा हललं नाही.